दीड, तीन, साडेचार : दुसऱ्या वेळच्या रात्री

दुसऱ्यांदा दिवस गेलेत हे कळलं तेव्हा माझा लेक सव्वा वर्षाचा होता आणि अजून अंगावर पीत होता. दिवसा फारसं नाही, पण रात्री दीडला, तीनला आणि साडेचारला उठला की हवंच. तोपर्यंत चालून जायचं कारण झोपेतच पाजायचं आणि तसंच झोपून जायचं. पण पाचव्या महिन्यात माझं दूधच आटत गेलं. डॉक्टर म्हणाल्या गरोदरपणात बऱ्याच जणींचं होतं, तुमचं सगळं नॉर्मल आहे तर पाजलंत तरी चालेल. पण येतच नाही तर पाजणार काय, तो ओढायचा, चिडायचा, पाठीची कमान करून रडायचा आणि मग मी त्याला कडेवर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारायचे, पोटात हे दुसरं लाथा मारतंय आणि खांद्यावर हा. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट, सकाळी सहाला त्रिमूर्ती चौकात कंपनीची बस, म्हणून त्याला उठवायचं माझ्या जिवावर यायचं.

सासूबाईंनी दृष्ट काढली. मग म्हणाल्या कोरफडीचा गर लाव, आमच्या सगळ्यांची मुलं अशीच सुटली. मी लावला एका रात्री. त्याने तोंड लावलं, कडू लागल्यावर मागे झाला, माझ्याकडे बघितलं, आणि रडला नाही हो, आपल्या झबल्याची बाही धरून ते पुसायला लागला, पुसून परत बघितलं. आईला काहीतरी लागलंय असं वाटलं असेल का त्याला, कोण जाणे. मी उठून धुऊन आले आणि पुन्हा कधीच लावला नाही. सासूबाईंचा हेतू चांगलाच होता, पण मला ते जमणारं नव्हतं.

त्याऐवजी मी बाटली सुरू केली आणि ती माझी मोठी चूक झाली. रात्री दोन बाटल्या, दिवसा तीन, म्हणजे जवळजवळ लिटरभर गाईचं दूध पोटात, मग वरण-भात कुठून खाणार. झोपेत सारखे पाय झाडायचा, इकडून तिकडे लोळायचा. मला वाटायचं दाढा येतायत. सर्दीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं तर त्यांनी पापणी खाली ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.२. या वयात ११ तरी हवं. त्यांनी समजावलं की दुधात लोह अगदी कमी असतं आणि दुधाने पोट भरलं की बाकी काही जात नाही, आणि लोह कमी असलं की काही मुलं रात्री अशी अस्वस्थ असतात. मी इतके दिवस त्याला हट्टी समजत होते याचं मला फार वाईट वाटलं, घरी येऊन रडले.

दूध दिवसभरात दोन कप, तेही कपातूनच. लोहाचं सिरप, ते दुधासोबत नाही, मोसंबीच्या रसासोबत (शी काळी होते, घाबरू नका). अंडं, डाळ, मेथी, खजूर. माझंही हिमोग्लोबिन ९.४ निघालं होतं, मग माझ्या लोहाच्या गोळीच्या वेळी त्याचं सिरप असं आम्ही दोघं सोबत घ्यायला लागलो. मी माझी कॅल्शियमची गोळी आणि चहा त्यापासून लांब ठेवला.

पण सिरपने लगेच झोप लागत नाही, सवय तर होतीच. सातव्या महिन्यात नवरा म्हणाला, तू आतल्या खोलीत झोप, रात्री मी बघतो, आणि गणपतीला जोडून चार दिवस रजा टाकली. खरंच सांगते, हे त्याने आधी करायला हवं होतं आणि मी आधी मागायला हवं होतं. दुपारची झोपही तीनच्या आत संपवायला लागलो, आधी साडेपाचपर्यंत झोपायचा. पहिल्या रात्री तासभर रडला, बाबाच्या मांडीवरच, एकटं नाही सोडलं. तिसरी रात्र सगळ्यात वाईट, "आई आई" करत दार वाजवत होता आणि मी आत डाव्या कुशीवर उशी दातात धरून पडलेली, उठायचं नाही असं ठरलेलं. सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या, काही बोलल्या नाहीत, पाय चेपत राहिल्या. पाचव्या रात्री पंचवीस मिनिटं. सातव्या रात्री स्टीलच्या पेल्यातून दोन घोट पाणी पिऊन झोपला.

मग मध्ये ताप आला तेव्हा सगळं विस्कटलं, चार दिवस परत माझ्याजवळच, नंतर पुन्हा तीन रात्री घालवाव्या लागल्या. साधारण दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर १०.८ होतं, आणि पाय झाडणं जवळजवळ थांबलंय.

आता मला छत्तिसावा आठवडा आहे. तो अजून एकदा उठतो, तीनच्या सुमारास. भिंतीपलीकडून "बाबा, पानी" ऐकू येतं, मग पेल्याचा आवाज, मग नवऱ्याचं पुटपुटणं. मी जागीच असते, पाठ दुखत असते. आवाज थांबेपर्यंत ऐकते आणि मग कूस बदलते.