खांद्याचा सांधा बदलायचा आहे, पण कुणाकडून?

गुडघेबदलासाठी नावाजलेला सर्जन खांद्यालाही चालेल, असं अनेक जण गृहीत धरतात. खांदेबदल गुडघ्याच्या मानाने फार कमी होतात, म्हणून या कामात हात बसलेला सर्जन मुद्दाम शोधावा लागतो. थेट विचारा, "गेल्या वर्षभरात तुम्ही खांद्याचे किती सांधे बदललेत?" दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया त्यात मोजू नका, ते कौशल्य वेगळं. वर्षाला दोन-चारच होत असतील, तर मी दुसरा सर्जन गाठायला सांगेन.

खरी परीक्षा होते ती पुढच्या प्रश्नाला: माझ्यासाठी कोणता सांधा, आणि तोच का?

ॲनाटॉमिक, म्हणजे मूळ रचनेसारख्या, सांध्यात दंडाच्या हाडाला धातूचा गोळा आणि खवाट्याच्या खळग्यात प्लास्टिकची वाटी बसवतात. ही जोडी मध्यावर धरून ठेवतात रोटेटर कफचे, म्हणजे सांध्याभोवतीचे, चार स्नायू. कफ मोठा फाटलेला असेल तर हात उचलताना गोळा वर सरकतो, वाटीच्या वरच्या कडेवर पुन्हा पुन्हा दाब येतो आणि वाटी सैल होते. तिथे रिव्हर्स सांधा लागतो: गोळा खवाट्यावर, वाटी दंडावर, आणि हात उचलायचं काम खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूकडे. म्हणजे डेल्टॉइड आणि त्याला चालना देणारी ॲक्सिलरी नस (मज्जातंतू) शाबूत हवी. सर्जनने तुम्हाला कोपर बाजूला रेटायला लावून, खांद्यावर हात ठेवून तो स्नायू आवळतोय का हे पाहिलं का? कफसाठी एमआरआय किंवा सोनोग्राफी, खळग्यातल्या हाडासाठी सीटी स्कॅन सांगितला का? खळगा बरेचदा मागून झिजतो आणि साध्या एक्स-रेत ती झीज नीट मोजता येत नाही. वाटी तशीच तिरकी बसली की लवकर सैल होण्याचा धोका वाढतो.

जंतुसंसर्गाबद्दल खोदून विचारा. खांद्यात त्रास देणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू त्वचेच्या तैलग्रंथींत खोलवर राहतो. तो फार हळू वाढतो. ताप नाही, पू नाही, नुसतं दुखणं आणि आखडणं, तेही कित्येक महिन्यांनी. शंका आल्यास कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) किती दिवस ठेवता, याचं उत्तर दोन आठवड्यांच्या आसपास हवं. शस्त्रक्रियेआधी त्वचेला बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला सांगणारा सर्जन या जंतूचा विचार करतोय, हे नक्की. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख सांगा, निदान तीन महिने मध्ये जाऊ द्यावेत.

फुप्फुसाचा आजार असेल तर भूलतज्ज्ञाशी आधीच बोला. मानेजवळ दिल्या जाणाऱ्या भुलेने त्या बाजूचा श्वासपटल काही तास ढिला पडू शकतो.

ॲनाटॉमिकमध्ये खांद्याचा पुढचा स्नायू बहुधा सोडवून पुन्हा शिवावा लागतो. तो भरून येईपर्यंत, साधारण सहा आठवडे, त्या हातावर जोर देऊन खुर्चीतून उठायचं नाही आणि हात बाहेरच्या बाजूला ताणायचा नाही. हे बंधन फिजिओथेरपिस्टला लेखी कोण देणार, ते आधीच ठरवून घ्या.

दुसरं मत घ्यायला जाताना सीटीची मूळ डिजिटल फाइल न्या, छापील फिल्मवरून त्रिमितीय आखणी होत नाही.