चार पासपोर्ट, तीन व्हिसे

मी ठाण्याच्या नौपाड्यात सीएची प्रॅक्टिस करते. परदेशी निघालेली माणसं माझ्याकडे येतात ती पैशाचे प्रश्न घेऊन: घर विकावं की भाड्याने द्यावं, पीपीएफचं काय, रक्कम बाहेर कशी न्यायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी होऊन गेल्यावर, एका शनिवारी आलेलं जोडपंही घराच्या विक्रीबद्दलच विचारायला आलं होतं. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो ४३ वर्षांचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. ती ठाण्यातल्याच एका रुग्णालयात आयसीयूत नर्स. मुलगा चौथीत, मुलगी दीड वर्षाची. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियाचा १८९ हा कायम वास्तव्याचा (पीआर) व्हिसा मिळाला आणि पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. २०२२ मध्ये जेमतेम दहा दिवस मेलबर्नला जाऊन आले. मग मुलीचा जन्म, मग त्याच्या आईची अँजिओप्लास्टी, मग त्याची बढती. बघता बघता पाचवं वर्ष संपत आलं. फेब्रुवारी २०२५ ही तिकडे पोचायची शेवटची तारीख.

घोडबंदर रोडचा फ्लॅट विकायचा असं त्याने पक्कं केलं होतं. गिऱ्हाईक तयार होतं, दुसऱ्या दिवशी टोकन घ्यायचं होतं. "मॅडम, एनआरआय व्हायच्या आत विकलं तर एकच टक्का टीडीएस ना?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. निवासी माणसाने ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर विकलं तर घेणारा १ टक्का कापतो. अनिवासी झाल्यावर विकलं तर १२.५ टक्के, वर अधिभार आणि सेस, आणि बहुतेक वेळा तो कापला जातो पूर्ण किमतीवर. शिवाय २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी इंडेक्सेशनसह (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून) २० टक्क्यांचा पर्याय निवासींनाच ठेवला आहे. पण टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे. कमी कपातीचा दाखला आधी काढता येतो, जास्त कापलं गेलेलं रिटर्न भरून परत मिळतं. एवढ्यासाठी राहतं घर घाईने विकू नये, असं मी सांगत होते. ती तोवर गप्पच होती. एवढंच म्हणाली, "मीही हेच सांगतेय, घर विकू नको."

अनिवासी नेमके कधीपासून धरायचे हे ठरवायला मी व्हिसाची पत्रं मागितली. त्याने फाइल पुढे केली. पासपोर्ट चार होते, पत्रं तीन.

"मुलीचं?"

"तिचं आपोआप होतं ना! आम्ही दोघं पीआर आहोत. कन्सल्टंटनेच सांगितलंय."

आपोआप होत नाही. आईवडील पीआर असताना मूल ऑस्ट्रेलियात जन्मलं तर ते जन्मानेच तिथलं नागरिक होतं. व्हिसा मिळाल्यावर ठाण्यात जन्मलेल्या मुलाला मात्र वेगळा चाइल्ड व्हिसा लागतो. बाहेरून अर्ज केला तर १०१, ऑस्ट्रेलियात असताना केला तर ८०२. १०१ तीन महिन्यांत हाती पडेल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. व्हिजिटर व्हिसावर नेऊन तिथे ८०२ भरायचा मार्ग आहे, पण व्हिजिटर व्हिसावर ८५०३ ही ‘पुढे मुक्काम नाही’ची अट आली तर तोही बंद. हे माझ्या कामाचं क्षेत्र नाही, म्हणून तिथल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचं लेखी मत घ्या, नोंदणीची यादी सरकारी वेबसाइटवर आहे, असं मी सांगितलं. पण टोकन घेण्याआधी हे त्यांना कळायलाच हवं होतं. दीड वर्षाच्या मुलीला मागे ठेवायची वेळ येऊ शकते, हे त्या क्षणापर्यंत दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

तो पत्रं उलटसुलट करून बघत राहिला. मग वयाचं गणित मांडू लागला. "तेव्हा ३८ चा होतो, व्हिसाच्या निवडीत वयाचे २५ गुण मिळाले. आज १५ मिळतील. ४५ झाल्यावर अर्जाचं निमंत्रणच येत नाही. हा व्हिसा गेला की संपलं."

मी त्याला विचारलं, "ही तारीख २०२५ ऐवजी २०३० ची असती, तर यंदा निघाला असतात?"

तो काही बोलेना. ती म्हणाली, "मी निघाले असते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. खरं सांगायचं तर मीही. घर विकू नको म्हणणारी ती, टोकन घ्यायला निघालेला तो, त्यामुळे जायचं कुणाला आणि नाही कुणाला हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"घर मला परत यायला हवंय, म्हणून विकू नको म्हणते," ती त्याला म्हणाली. "नर्सिंगची एनक्लेक्स परीक्षा कशासाठी दिली मी? नाइट करून आल्यावर अभ्यास केला तो कशासाठी? आता फक्त ओस्की, प्रात्यक्षिकाची परीक्षा, राहिलीय, ती ॲडलेडलाच जाऊन द्यावी लागते. तू मला एकदा तरी विचारलंस, तुला जायचंय का म्हणून?"

मग तो बोलला. आईची चरईतली जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला जातेय. ७४ व्या वर्षी तिला सामान उचलून भाड्याच्या घरात जायचंय, नवं घर मिळेपर्यंत वर्षं जातील. "मला जायचंच नाहीये गं. पण पाहुण्यारावळ्यांत इतकी वर्षं मीच ऑस्ट्रेलिया ऑस्ट्रेलिया करत होतो. आता नाही कसं म्हणू?"

केबिनबाहेर पुढचे अशील ताटकळत होते. मी त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं. करसल्ल्याच्या कामात अशी वेळ क्वचित येते आणि ती घाईत उरकावी असं मला वाटलं नाही.

त्या तारखेबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे, तो इथे लिहितेच. पाच वर्षांची मुदत असते ती ये-जा करण्याच्या परवानगीची. तारीख उलटते तेव्हा तुम्ही ऑस्ट्रेलियात असाल तर पीआर जात नाही. तिथे बेमुदत राहता येतं, नोकरी करता येते. बाहेर असाल तर मात्र व्हिसा संपतो. नंतर देशाबाहेर जाऊन परत यायचं तर रेसिडेंट रिटर्न व्हिसा लागतो, आणि तो पाच वर्षांचा हवा तर आधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. राहिलेलं नसेल तर नोकरी, कुटुंब असे भक्कम संबंध दाखवून वर्षभरापर्यंतचा मिळू शकतो. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत सगळं आयुष्य उचलून न्यायची गरज नव्हती. त्या दिवशी तिघांनी त्या भूमीवर असणं पुरेसं होतं. पण आईचं काही झालं तर त्याने तिथूनच अर्ज करून, रिटर्न व्हिसा हातात घेऊन निघायचं, हे मी त्याला कागदावर लिहून दिलं.

टोकन घेतलं नाही. एजंटचं उत्तर येईपर्यंत, आईशी आणि डोंबिवलीच्या बहिणीशी बोलणी होईपर्यंत डिसेंबर उजाडला. आई पहिल्यांदा चिडली. जाण्यावरून नव्हे, इमारतीच्या मीटिंगला मुलगा तीनदा आला नाही त्यावरून. बहिणीच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घेतलं. तेच तिकडून करायचं तर वकिलातीत साक्षांकन आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, एवढं सगळं आलं असतं. तिने रुग्णालयात राजीनामा दिला. त्याने कंपनीकडून बिनपगारी रजा घेतली. राजीनामा द्यायला मन धजत नव्हतं आणि तिने आग्रहही धरला नाही.

मुलीचा व्हिजिटर व्हिसा ८५०३ च्या अटीशिवाय आला. जानेवारीच्या अखेरीस, तिथल्या शाळा सुरू होतात त्या सुमारास, चौघं मेलबर्नला पोचले आणि मुलीचा ८०२ चा अर्ज तिथून भरला.

फ्लॅट भाड्याने दिला आहे. एप्रिलपासून मालक अनिवासी झाल्यामुळे भाडेकरूला दर महिन्याला ३१.२ टक्के टीडीएस कापून भरावा लागतो, त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) काढावा लागतो, तिमाहीला टीडीएसचं विवरणपत्र भरावं लागतं. भाडेकरू या कटकटीपायी घर सोडायच्या गोष्टी करत होता. त्याचं हे काम आता माझ्याच ऑफिसातून होतं.