उकळलंय की, मग काय?

रातकिड्यांच्या पिठाला भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास येतो आणि त्यामागे सुकवलेल्या कोळंबीची पुसटशी झाक असते.

अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मजीव विभाग सांभाळते. मांसाला पर्याय म्हणून हे पीठ विकू पाहणाऱ्या एका उत्पादकाची पहिली बॅच आमच्याकडे आली होती. सोबतच्या कागदावर सगळी प्रक्रिया होती: किडे २४ तास उपाशी ठेवायचे, गोठवून मारायचे, ५ मिनिटं उकळायचे, सुकवायचे, दळायचे. कागद वाचून मला बरं वाटलं होतं. माणूस मनापासून काम करतोय असं दिसत होतं.

त्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायची ऊबदार पेटी, उघडला. एन्टेरोबॅक्टेरिया या आतड्यात आढळणाऱ्या जंतूंच्या प्लेट कोऱ्या होत्या. अन्नातून विषबाधा करणाऱ्या बॅसिलस सेरियस या जंतूसाठी लावलेल्या प्लेटवर मात्र गुलाबी कॉलन्या, म्हणजे जंतूंचे ठिपके, दाटल्या होत्या, प्रत्येकीभोवती अंड्याच्या बलकामुळे उमटणारं पांढुरकं वलय. नमुन्याचा एक भाग मी आधी ८० अंशांवर १० मिनिटं तापवून लावला होता. त्यावरही जवळपास तेवढ्याच. म्हणजे हे बीजाणू होते, जंतूचं उष्णतेला दाद न देणारं निद्रिस्त रूप.

उत्पादकाला फोन केला. "मॅडम, पण आम्ही उकळतो की!"

त्यांचं म्हणणं मला समजत होतं. पण किडा आतड्यासकट खाल्ला जातो आणि उपाशी ठेवून ते आतडं पुरतं साफ होत नाही. उकळल्यावर वाढीला लागलेले जंतू मरतात, बीजाणू तगतात. कोरड्या पिठात ते गप्प पडून राहतात. पाणी आणि ऊब मिळाली की रुजतात. या जंतूच्या काही वाणांचं उलट्या घडवणारं विष तर एकदा तयार झालं की पुन्हा उकळूनही जात नाही. मी विचारलं, "उकळल्यावर किडे गार कसे करता?" थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "रात्रभर पातेल्यातच असतात. सकाळी ड्रायरला लावतो."

मी कपाळावर हात मारला. कोमट पाण्यात अख्खी रात्र!

फोन ठेवते न ठेवते तोच मागून शिंकांचा सपाटा सुरू झाला. नवीन लागलेला मुलगा दुसऱ्या पाकिटातलं १० ग्रॅम पीठ तोलत होता, उघड्या ओट्यावर, मास्क हनुवटीवर ओढलेला. त्याने मान खाजवली तेव्हा कॉलरखाली गांधी उठलेल्या दिसल्या. बघता बघता वरचा ओठ सुजला. "मॅडम, घसा आवळल्यासारखा होतोय."

"कोळंबी खातोस का रे?"

"नाही. तोंड खाजतं, म्हणून सोडली."

पुढची वीस मिनिटं मी विसरणार नाही. रुग्णवाहिकेत त्याच्या मांडीत ॲड्रेनलिन टोचलं, मगच त्याचा श्वास मोकळा झाला. डॉक्टरांनी रात्रभर देखरेखीखाली ठेवून घेतलं.

कोळंबी, खेकडे, घरातल्या धुळीतले माइट नावाचे बारीक जीव आणि कीटक, या सगळ्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं एकमेकांशी खूप मिळतंजुळतं प्रथिन असतं. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसरंही बाधू शकतं, आणि शिजवल्याने तो धोका टळेल असा भरवसा देता येत नाही. हे मला ठाऊक होतं. तरीही त्या मुलाला पीठ तोलायला बसवण्याआधी मी एक प्रश्न विचारला नाही. ती चूक माझी.

युरोपीय संघाने २०२१ मध्ये सुकवलेल्या पिवळ्या मिलवर्मला (एका भुंग्याच्या अळीला) खाद्य म्हणून मान्यता दिली, तेव्हाच पाकिटावर कवचधारी जलचर आणि धुळीच्या माइटच्या ॲलर्जीचा इशारा छापणं बंधनकारक केलं. आमच्या हातातल्या पाकिटावर ठळक अक्षरांत प्रथिनांची टक्केवारी होती, ॲलर्जीबद्दल अवाक्षर नव्हतं. आमच्याकडे तपासणी फक्त जंतूंची मागितली होती. अहवालात मी तरीही ॲलर्जीचा परिच्छेद घातला. वरिष्ठ म्हणाले, हे आपल्या कक्षेत येत नाही. मी तो काढला नाही.

कीटक खाण्याला माझा विरोध नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालात खाल्ल्या जाणाऱ्या १,९०० हून अधिक जातींची नोंद आहे. पण कोळंबी टाळणारा माणूस पिठाच्या बिस्किटात कोळंबीचा धोका का शोधेल?

महिन्याने दुसरी बॅच आली. आता किडे उकळल्यावर लगेच बर्फाच्या पाण्यात गार करून थेट ड्रायरमध्ये जात होते, आणि जंतूंचा काउंट खूपच खाली आला होता. पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. इशाऱ्याची ओळ अजून नव्हती. मी पुन्हा फोन लावला.