अकरा पावलं

भावनिक प्रवेश निवडा म्हटलं की मुलं मरणारी माणसं निवडतात. एकपात्री अभिनयाच्या स्पर्धांना मी बरीच वर्षं मुलं घेऊन जाते आहे. एका दुपारी ‘एकच प्याला’तल्या तीन सिंधू आणि ‘नटसम्राट’मधले चार बेलवलकर बघायची आता सवय झाली आहे. पंधरा वर्षांचा बेलवलकर कापसाची दाढी लावून थरथरतो, तेव्हा मागच्या रांगेतली मुलं दाढी कधी पडते याचीच वाट बघत असतात.

माझ्या नववीतल्या एका विद्यार्थिनीनेही सिंधूच आणली. ‘एकच प्याला’ १९१९ सालचं, पण आमच्याकडे सिंधू काही परकी नाही. घरी कोंकणी आणि रंगमंचावर मराठी ही गोव्यातली जुनीच वाटणी. मुलगी रडायची मात्र नळ सोडल्यासारखी. रोज त्याच वाक्याला, त्याच पट्टीत. घसा भरून आला की शब्द बुडतात आणि वाचिक अभिनयाचे गुण तिथेच जातात. म्हटलं, आधी वीस वेळा कोरडं म्हण. सिंधूला रडायचं नसतं, तिला काहीतरी हवं असतं, ते काय ते शोध. तिला काही पटेना.

पालकांच्या सहीसाठी तिच्या घरी गेले, सांगे तालुक्यात, वाडे गावात. तिथे तिने आजीसमोर प्रवेश करून दाखवला. आजी सुपारी कातरत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “ही बायल इतली रडटा कित्याक?” आणि मग स्वतःच बोलत सुटली.

आजी मूळची कुर्डीची. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं ते कुर्डी. ऐंशीच्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं वाडे, वालकिणीला येऊन वसली. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा गाव वर येतं. चिखल, घरांची जोती, झाडांची खोडं, आणि सोमेश्वराच्या देवळापाशी जमणारी माणसं. आजी दरवर्षी जाते. तुळशीचा चौथरा सापडला की तिथून पावलं मोजते. सात पावलांवर उंबरठा, अकरावर चूल. सांगताना डोळ्यांत टिपूस नाही. हिशेब चुकू नये एवढीच काळजी.

स्वतःची संहिता नियमात चालत होती. बसमध्येच मी वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतलं. आजीचं सगळं उतरवलं तर वीस मिनिटांचं झालं, आणि हातात मिनिटं सात. कापाकापीत मी पहिला हात घालते तो शेवटच्या टाहोला. सुरुवातीची साधी वाक्यं राखते. बाई कोण, कुठे उभी, कुणाशी बोलते हे कळल्याशिवाय तिचं दुःख कुणाच्या अंगाला लागत नाही. इथे ती नातीला घर दाखवत होती. नात डाव्या हाताला, कमरेएवढी, त्यामुळे नजर दर वेळी तेवढीच खाली जायला हवी. रडायला जागाच ठेवली नाही. अकरा पावलं आणि वाटेत लागणाऱ्या वस्तू, बस.

स्पर्धा कुडचड्याला. आमच्याआधी लागोपाठ दोन बेलवलकर. आजी जत्रेला नेसायचं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत.

चूक माझी. तालमी शाळेच्या हॉलमध्ये झाल्या होत्या आणि इथला रंगमंच मी मोजलाच नव्हता. आठव्या पावलाला मुलगी विंगेच्या पडद्याला भिडली. चूल अजून तीन पावलं लांब. मी त्याच विंगेत, हातभर अंतरावर, तिचा चेहरा कोरा पडताना बघत होते. वाक्य विसरलं तर शब्द पुरवता येतो. जमीन कुठून पुरवणार?

ती पायाने फळ्या चाचपत राहिली. मग हळू म्हणाली, “हांगाच आशिल्लें.” इथेच होतं.

संहितेत हे नव्हतं. मराठीही नव्हतं. तेवढ्यात सहा मिनिटांची घंटा वाजली, आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “उजवे वटेन गे! उजवे वटेन!”

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबलं. मुलगी वळली. उजवीकडे म्हणजे नेमकी प्रेक्षकांकडे. नऊ. दहा. अकरा. रंगमंचाच्या अगदी कडेला ती उकिडवी बसली, नसलेली फुंकणी हातात घेतली आणि फुंकर घातली. ठरल्याप्रमाणे एकदाच. ती रडली नाही. विंगेत रडत होते ती मी, महिनाभर कोरडं म्हण, कोरडं म्हण म्हणून तिचं डोकं खाल्लेली.

नंबर आला नाही. प्रेक्षकांतून सूचना मिळाली आणि वेळही वर गेला, हे परीक्षकांचं म्हणणं रास्तच होतं. त्यांच्यातल्या एक बाई मात्र नंतर खाली उतरून आजीशेजारी बसल्या आणि घर देवळापासून किती लांब होतं ते विचारू लागल्या.

परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली. आजी माझ्यावर नाराज होती. चुलीमागचं परसाचं दार मी गाळलं होतं. सात मिनिटांत ते बसत नव्हतं, हे मी तिला दोनदा समजावलं. “दार आशिल्लें,” ती म्हणाली, आणि बाहेर बघत बसली.