कर्जतच्या पुढचे १५ किलोमीटर

मुंबईहून आलेली लोकल कर्जतला रिकामी होते आणि बहुतेकांना वाटतं, लाईन संपली. पण पुढे खोपोलीपर्यंत साधारण १५ किलोमीटरचा फाटा आहे: पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. कितीतरी वर्षं नुसतं ‘जाऊ, जाऊ’ चाललं होतं. यंदा जुलैत एका मंगळवारी गेलोच.

मुंबईहून थेट खोपोलीची गाडी दिवसातून मोजक्या वेळाच असते, नाहीतर कर्जतला बदलायचं. तिकीट थेट खोपोलीचं, रिटर्नच काढा. जाताना खिडकी डावीकडची धरा, सह्याद्री त्या बाजूला आहे.

पळसदरीनंतर पुण्याची लाईन डावीकडे घाट चढायला लागते आणि आपली गाडी पायथ्यापायथ्याने जाते. खरं तर ही लाईन घाटाच्या लाईनीपेक्षा जुनी. रेल्वे खोपोलीला पोचली १८५६ साली, बोरघाटातली लाईन खुली झाली १८६३ मध्ये. मधली वर्षं पुण्याकडचे प्रवासी खोपोलीला उतरून पालखी नाहीतर तट्टू करून घाट चढायचे. आज फाटा म्हणतो ती तेव्हाची मुख्य वाट होती! हे माहीत असलं की तो ढगात गेलेला कडा वेगळाच दिसतो.

केळवलीला एक मावशी चढल्या. टोपलीत टाकळ्याच्या भाजीच्या जुड्या, वर ओलं फडकं. टोपली दारापासून आत सरकवून त्यांनी आधी पदराने बाकावरचं पाणी पुसलं, मग बसल्या. बाहेर भाताची लावणी चाललेली. आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी बांधावर ओळीने ठेवलेल्या, गाडी इतकी जवळून जाते की मुळांची माती दिसते. एवढ्यासाठी तरी पावसाळ्यातच जा, आणि गर्दी नको असेल तर रविवार टाळा.

खोपोली जवळ आली की डोंगरावरून उतरणारे वीजघराचे जाड पाईप शोधा. टाटांचं हे जलविद्युत केंद्र १९१५ पासूनचं.

उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ बघून घ्या. मी ती न बघता गावात गेलो, पाच मिनिटांनी गाडी चुकली आणि पुढच्या गाडीसाठी तासाहून जास्त थांबलो. घाई असेल तर कर्जतला रस्त्यानेही जाता येतं. धबधब्यांकडे वळणार असाल तर वर पाऊस असताना पाण्यात उतरू नका, लोंढा सांगून येत नाही. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं, कर्जतलाच उरकून घ्या. आणि परतताना उजवीकडे बसा.