टीईटी, बालमानसशास्त्राचे ३० मार्क आणि माझा वर्ग

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तेव्हा टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, नव्हतीच, आपल्याकडे ती २०१३ ला सुरू झाली, त्यामुळे आमच्या वेळच्या कुणी तिचा विचारच केला नव्हता. मग १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ज्यांच्या रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलीत त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, आणि आमच्या केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरा विषयच राहिला नाही. कुणी रागावलं, कुणी रडकुंडीला आलं. मला पण वाईट वाटलं, इतकी वर्षं शिकवून आता पात्रता दाखवा म्हणतात, पण घरात बसून वाईट वाटून काय उपयोग, फॉर्म भरला.

माझी शाळा देवगड तालुक्यात, खाडीच्या बाजूला, द्विशिक्षकी. पहिली ते तिसरी माझ्याकडे एकाच खोलीत, चौथी-पाचवी गुरुजींकडे. म्हणून पेपर पहिला, पहिली ते पाचवीच्या शिक्षकांचा. १५० प्रश्न, १५० मार्क, अडीच तास, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९०, मागासवर्गीय उमेदवारांना ५५ टक्के. निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास हे आपलं रोजचंच, खरी धास्ती बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राच्या ३० मार्कांची. डीएड करताना वाचलेलं सगळं पुसट झालेलं आणि गाईडमध्ये नुसत्या याद्या, मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या बौद्धिक विकासाच्या चार अवस्था, कोहलबर्गच्या नैतिक विकासाच्या सहा पायऱ्या, ब्लूमचं शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण १९५६, गार्डनरची बहुविध बुद्धिमत्ता १९८३, पहाटे पाठ करायचं आणि शाळेत पोचेपर्यंत विसरायचं.

मग मी वेगळं केलं, जे वाचलं ते वर्गात बघायचं. पियाजे म्हणतो सातेक वर्षांपर्यंत मूल एका वेळी एकाच गोष्टीकडे बघतं, भांडं बदललं की त्याला माप बदलल्यासारखं वाटतं. मी कोकम सरबत नेलं. दोन सारखे स्टीलचे पेले सारखे भरले, पहिलीच्या पोरांनी सारखे आहेत म्हणून मान्य केलं, मग त्यांच्यासमोरच एक पेला उंच निमुळत्या बाटलीत ओतला. "बाई, ह्याच्यात जास्ती आसा," सगळी बाटलीकडे बोट दाखवून. तिसरीतला एक तिकडून वैतागून म्हणतो, "तितक्याच आसा बाई, परत वतून बघा." हे परत ओतून बघा म्हणणं म्हणजेच मूर्त क्रियात्मक अवस्था, सात ते अकरा, उलट जाऊन विचार करता येणं. त्यानंतर मला ती अवस्था पाठ करावी लागली नाही. आणि हेही कळलं की पहिलीच्या पोराला हे समजावून सांगून पटत नाही, त्याला ओतू द्यावं लागतं, परत परत. (सरबत नंतर सगळ्यांनी प्यायलं, त्यावर मात्र भांडण झालं नाही.)

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्की मला सगळ्यात जवळचा वाटला. तो आणि पियाजे दोघं १८९६ चेच, पण हा १९३४ लाच गेला, चाळिशीच्या आत. मूल एकटं करू शकतं ते एक आणि मोठ्याच्या किंवा हुशार सोबत्याच्या मदतीने करू शकतं ते एक, मधली जागा म्हणजे समीपस्थ विकास क्षेत्र, शिकवायचं ते तिथेच. एकाच खोलीत तीन वर्ग असले की हे रोज होतं, तिसरीची पोरगी दुसरीच्याला मणी मोजून दाखवते आणि हळूहळू आपला हात काढून घेते. वर्ग जोडले की शिक्षण बिघडतं असं सरसकट बोलतात ना, ते मला पटत नाही, माणूस कमी पडतो हे खरं पण पोरं एकमेकांकडून शिकतात हेही तितकंच खरं.

अजून एक, स्वतःशी बोलणं. दुसरीतली एक हातच्याची बेरीज करताना पुटपुटत असते, "आठ आनि सात पंधरा, पाच हय, एक वयर." वर्गात अशी कुजबुज झाली की सहसा आपण म्हणतो मनात कर. पियाजेच्या मते हे आत्मकेंद्री बोलणं, वयाबरोबर गळून पडणारं, वायगोत्स्कीच्या मते मात्र पोर स्वतःला वाट दाखवत असतं आणि हेच बोलणं पुढे आत जाऊन विचार होतं. त्या पोरीकडे बघून मी वायगोत्स्कीच्या बाजूची झाले. ती मालवणीत पुटपुटते, तिला प्रमाण मराठीत पुटपुट म्हणून सांगणारी मी कोण.

मूल्यमापनाचा भाग मला वाटलं सोपा जाईल कारण सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आम्ही २०१० पासून करतोच, आरटीईमध्येच, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातच आहे ते. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर शिकवताना होणारं) ७० आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) ३०, निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प वगैरे साधनं, तोंडपाठ. पण प्रश्न येतात ते प्रसंगावर. म्हणजे मूल ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहितं, तर शिक्षकाने काय करावं? बघा ना, पोराने दोन्हीकडे मोठ्यातून लहान वजा केलंय, सातातून दोन, पाचातून दोन. त्याला वजाबाकी येते, दशक सोडवणं येत नाही. फुली मारून शून्य दिलं तर हे कळलंच नसतं. असं एक पोर माझ्याकडेही होतं, माडाच्या हिरांच्या दहा-दहाच्या जुड्या दिल्या, एक जुडी सोडल्याशिवाय सात काढताच येईनात, तिथेच त्याला समजलं. आणि वर्णनात्मक नोंदीत "प्रगती समाधानकारक" लिहिण्यापेक्षा "जुडी सोडून वजाबाकी करतो, कागदावर अजून अडतो" असं लिहिलं तर पुढच्या शिक्षकाला काहीतरी हाताला लागतं.

तारा‍बाई मोडकांचं पण आलं अभ्यासात. आपल्याच किनाऱ्यावर, वर पालघरकडे बोर्डीला, १९४५ मध्ये त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत, महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी आजूबाजूला मिळेल ते वापरलं. हे वाचून मला फार बळ आलं, खरंच.

पेपरच्या दिवशी मी बालमानसशास्त्र आधी घेतलं, मग गणित, भाषेचे उतारे शेवटी, कारण तिथे वेळ जातो. उत्तरपत्रिकेतले गोल शेवटी एकदम रंगवायचे नाहीत, प्रत्येक विभाग झाला की लगेच. एकही प्रश्न सोडला नाही. पास झाले, ९० च्या बऱ्यापैकी वर, आणि सर्टिफिकेट आता कायमचं असतं त्यामुळे परत द्यायची नाही.

शेजारच्या शाळेतल्या ताईंचा पेपर अजून राहिलाय, शनिवारी शाळा सुटली की आम्ही दोघी बसतो. सध्या कोहलबर्ग चाललाय, बायकोसाठी औषध चोरणाऱ्या माणसाची गोष्ट. ताईंनी ती चौथीच्या पोरांना सांगून बघितली, निम्मी म्हणाली पोलीस धरतील, एक म्हणाला दुकानदाराने उधार द्यायला हवं होतं, आता हा कुठल्या पायरीवर बसतो यावर आमचं एकमत होत नाहीये.