चिमणीच्या दातांनी

बशीत शेवटचा टोस्ट उरला होता आणि चौघींपैकी एकीचाही हात पुढे येत नव्हता.

काल संध्याकाळी, गंगापूर रोडवरच्या वाइन बारमध्ये. मधोमध तीन छोट्या बश्या, समोर थंडगार शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन, ग्लासाला बाहेरून दव धरलेलं. (मूळची फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातली ही द्राक्षं. बारीक मणी, आत बिया. आपल्या खायच्या थॉमसनसारखी नव्हेत. पण नाशिकच्या मातीत काय रुजलीत!)

शेवटी शाळेपासूनच्या मैत्रिणीनं सुरी घेतली आणि त्या टोस्टचे चार भाग केले. नखाएवढे. म्हणाली, "फ्रॉकच्या टोकात पेरू धरून चिमणीच्या दातांनी तोडायचो ना, तसंच."

मला एकदम भरून आलं.

गेली कित्येक वर्षं आम्ही भेटतो ते आपापलं मागवायला, आपापलं संपवायला. काल मात्र बशी पुढे सरकवताना प्रत्येक वेळी "हे खाऊन बघ गं" म्हणावं लागलं, आणि बोलणं तिथूनच सुरू होत गेलं. स्पेनमध्ये तापास, म्हणजे छोट्या बश्यांतले पदार्थ, असेच वाटून खातात. आपल्याकडे हुरड्याला बसल्यावर तरी वेगळं काय होतं?

तुमच्या टेबलावरचा शेवटचा तुकडा कोण उचलतं?